फुगवटा तारेच्या वर का?



तुमच्या शाळेच्या आवारात एखादे मोठे झाड असेलच. त्याच्या सावलीत तुम्ही डबा खाल्ला असेल, त्याच्या पारावर बसून पाठांतरही केले असेल. पण त्या झाडाच्या बुंध्याला किती खिळे ठोकलेले आहेत, किती तारा गुंडाळलेल्या आहेत, हे कधी पाहिले आहे का? नसेल, तर हा लेख वाचून झाल्यावर जरूर पाहा. हा लेख विज्ञानाचा आहे. पण त्यात माझी एक तक्रारही आहे, आणि ती बरीचशी माझ्याविरुद्धच आहे.

मी एका शाळेत अनेक वर्षे विज्ञान शिकवले. शाळेच्या मैदानाच्या कडेला एक कडुनिंब होता. व्हॉलीबॉलचे जाळे बांधायला एका बाजूला लोखंडी खांब होता आणि दुसऱ्या बाजूला हा कडुनिंब. जाळे सैल पडू नये म्हणून बुंध्याभोवती जाड तारेचा एक वेढा घालून तो पक्क्याने पिळून टाकला होता. तो वेढा कोणी घातला होता? मीच. त्या वर्षी खेळाचा तासही माझ्याकडे होता.

पाचसहा वर्षे गेली. जाळे फाटले, खांब वाकला, खेळाचे मैदान दुसरीकडे गेले. तार मात्र तिथेच राहिली. एके दिवशी नववीच्या वर्गाला ‘वनस्पतींच्या ऊती’ हा पाठ शिकवून मी बाहेर आलो. मागोमाग एक मुलगी आली आणि म्हणाली, “सर, जरा झाडापाशी येता का?” मी गेलो. तार सालीत रुतून बसली होती, आणि तिच्या वरच्या बाजूला खोडावर चांगला मुठीएवढा जाड फुगवटा आला होता. तारेच्या खालचा भाग मात्र वरच्यापेक्षा बारीक दिसत होता.

ती म्हणाली, “सर, पाणी तर मुळांकडून वर जाते ना? मग वाट अडवली तर ते तारेच्या खाली तुंबायला हवे. फुगवटा खाली यायला हवा. तो वर कसा आला?”

खरे सांगतो, मला पटकन उत्तर देता आले नाही. त्याच दिवशी फळ्यावर मी खोडाच्या आडव्या छेदाची रंगीत खडूंनी सुंदर आकृती काढली होती. तिच्यातल्या प्रत्येक भागाला नाव दिले होते. पण त्या आकृतीचा या झाडाशी काही संबंध आहे, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. उत्तर दिले ते आमच्या शाळेच्या शिपाईमामांनी. ते सांगोल्याकडचे, गावी डाळिंबाची बाग. ते पाणी भरता भरता थांबले आणि म्हणाले, “सर, ही तर गुटी झालीया. फक्त माती बांधायची राहिलीया.”

मामांना काय दिसले?

गुटी कलम तुमच्यापैकी शेतकऱ्यांच्या मुलांना माहीत असेल. डाळिंबाची एक चांगली फांदी निवडतात. तिच्यावरची साधारण बोटभर रुंदीची साल गोल फिरवून काढून टाकतात. आतले लाकूड तसेच ठेवतात. त्या जागी ओलसर शेवाळ लावून वर प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधतात. काही आठवड्यांनी तिथे मुळ्या फुटतात. त्या फुटतात त्या साल काढलेल्या जागेच्या वरच्या काठाला. खालच्या काठाला नव्हे! मग फांदी खालून कापून वेगळी लावली, की झाले नवे झाड तयार.

आता विचार करा. साल काढून टाकली तरी वरची पाने इतके आठवडे टवटवीत कशी राहतात? त्यांना पाणी मिळते म्हणूनच ना? म्हणजे पाण्याची वाट सालीतून जात नाही. ती आतल्या लाकडातून जाते. आणि वरच्या काठाला मुळ्या फुटतात, त्या अर्थी काही तरी पौष्टिक वरून खाली येत असले पाहिजे, आणि साल तुटल्यामुळे ते तिथेच अडून राहत असले पाहिजे.

हीच गोष्ट इटलीतील मार्चेल्लो मालपिगी या शास्त्रज्ञाने तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी पाहिली होती. त्याचा वनस्पतींच्या शरीररचनेवरचा ग्रंथ १६७५ व १६७९ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्याने फांदीवरील सालीचे कडे काढले, आणि त्याच्या वरची बाजू फुगलेली त्याला आढळली. पानांत तयार झालेला रस सालीतून खाली उतरतो, असा निष्कर्ष त्याने काढला. त्या काळी पाने अन्न कसे तयार करतात हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण खोडाकडे नीट पाहिल्यामुळे त्याला अर्धी गोष्ट कळली. माझ्यासमोर तेच खोड होते, पुस्तकात पूर्ण गोष्ट छापलेली होती, आणि तरीही मला दिसले नाही.

दोन वाटा

आता पुस्तकातली नावे घेऊ. खोडात ने-आण करणाऱ्या दोन प्रकारच्या ऊती असतात : जलवाहिन्या आणि रसवाहिन्या. जुन्या पुस्तकांत त्यांना प्रकाष्ठ आणि परिकाष्ठ असे म्हणत.

जलवाहिन्या आतल्या बाजूला असतात. झाडाचे लाकूड म्हणजे मुख्यतः याच. त्यांच्या नळ्या तयार होतात त्या पेशींपासून, पण काम सुरू होते ते पेशी मेल्यावर! आतला जीवद्रव्याचा भाग नाहीसा होतो, भिंती कठीण होतात, एकावर एक रचलेल्या पेशींच्या मधल्या भिंतींना वाट पडते, आणि लांब पोकळ नळी तयार होते. या मृत नळ्यांतून पाणी चढते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ स्ट्रासबुर्गर याने १८९० नंतरच्या काही वर्षांत उंच झाडे बुंध्याशी तोडून विषारी द्रावणात उभी केली. विषाने वाटेतल्या जिवंत पेशी मरत गेल्या. तरी द्रावण वर चढतच राहिले. मग पाणी कोण ओढते? पाने. पानांवरच्या असंख्य पर्णरंध्रांतून वाफ बाहेर जाते, तिला आपण बाष्पोच्छ्वास म्हणतो. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. वरचा कण गेला, की त्याच्या मागचा ओढला जातो. ही कल्पना डिक्सन आणि जोली यांनी १८९४ साली मांडली, आणि आजही ती मान्य आहे.

रसवाहिन्या सालीच्या आतल्या भागात असतात. त्यांचे काम पानांत तयार झालेली साखर झाडाच्या इतर भागांना पोहोचवण्याचे. यांच्या नळ्यांना चाळणी-नलिका म्हणतात, कारण दोन पेशींमधल्या भिंतीला चाळणीसारखी भोके असतात. जलवाहिनीच्या उलट, या नळ्या जिवंत असतात. त्यांना स्वतःचे केंद्रक नसते. शेजारच्या सोबतीच्या पेशी त्यांचा कारभार सांभाळतात. एका झाडात मेलेली वाट पाणी नेते आणि जिवंत वाट अन्न नेते. तुम्हाला याची गंमत वाटत नाही?

आणि या दोन वाटांच्या मध्ये एक अगदी पातळ थर असतो. त्याला ऊतककर म्हणतात; इंग्रजी पुस्तकांत कॅम्बियम हे नाव आढळेल. तो काही पेशींच्याच जाडीचा असतो. पण खोडाची सगळी जाडी तोच वाढवतो. आतल्या बाजूला तो नवे लाकूड घालतो, बाहेरच्या बाजूला नव्या रसवाहिन्या. कडुनिंबाचा बुंधा तुमच्या कवेत मावत नाही, तो या पापुद्र्याएवढ्या थरामुळे.

म्हणून मी म्हणतो, की मोठे झाड हे वाटते तितके ‘भरीव जिवंत’ नसते. अगदी आतले मध्यकाष्ठ मृत असते. त्याच्या बाहेरच्या रसकाष्ठातल्या नळ्या मृत; काही पेशी तेवढ्या जिवंत. सालीचे बाहेरचे कवचही मृत. पुष्कळसा जीव आहे तो मधल्या पातळ अस्तरात. जुने झाड आतून पोकळ झाले तरी वर्षानुवर्षे हिरवे राहते, याचे कारण हेच. आणि सालीचे बोटभर रुंद कडे गोल काढले तर धडधाकट झाड मरते, याचेही कारण हेच.

मरण उशिरा का येते?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. तारेने लाकूड आवळले गेले नाही, आवळली गेली साल. खोड दरवर्षी जाड होत गेले, तार मात्र वाढली नाही. रसवाहिन्या चेपल्या गेल्या. वरून येणारी साखर आणि वाढीला चालना देणारी द्रव्ये तारेपाशी अडली. तिथल्या पेशी भराभर वाढल्या. फुगवटा तारेच्या वर आला. पाणी लाकडातून जातच होते, म्हणून खाली काही तुंबले नाही.

पण एक प्रश्न त्या मुलीने विचारला नाही, तो मी तुम्हाला विचारतो. पानांना पाणी मूळ देते. मुळांना जेवण कोण देते? मूळ अंधारात. त्याच्यात हरितद्रव्य नाही. त्याला लागणारी प्रत्येक साखर पानातून, सालीतून, खाली यावी लागते. ती बंद झाली, की मूळ आधी साठवलेल्या पिठावर जगते. वर्ष, दोन वर्षे, कधी त्याहून अधिक. तोवर झाड हिरवेगार दिसते. मग नवी मुळे फुटेनाशी होतात, पाण्याचे शोषण घटते, आणि एखाद्या उन्हाळ्यात शेंडा वाळू लागतो. लोक म्हणतात, “यंदा ऊन फार होते हो, झाड गेले.”

तार बांधली एका वर्षी, झाड गेले पाचदहा वर्षांनी. मधल्या काळात बांधणारा विसरला, कधी बदलून दुसऱ्या गावी गेला. मरण असे उशिरा येते, म्हणून ते कोणाच्या नावावर मांडले जात नाही. काही झाडे तार गिळून टाकतात, तिच्यावरून दोन्हीकडची साल जोडून घेतात आणि वाचतातही. पण त्या भरवशावर आपण तारा बांधाव्यात काय?

द्राक्षबागेत शेतकरी मुद्दाम वेलीच्या सालीचे अरुंद कडे काढतात, घडांकडे जास्त साखर जावी आणि मणी मोठे व्हावेत म्हणून. पण ते कडे इतके अरुंद असते, की काही आठवड्यांत जखम भरून वाट पुन्हा सुरू होते. तोच व्यवहार जाणत्या हाताने केला तर शेती, आणि न जाणता केला तर हत्या.

आणि नारळ? कोकणातल्या मुलांनी हा प्रश्न विचारायलाच हवा. नारळावर चढण्यासाठी कुठे कुठे खोडाला खाचा पाडतात, तरी माड उभा राहतो. कारण माडाच्या खोडाची रचनाच निराळी. त्यात पाणी आणि अन्न नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे, म्हणजे वाहक वृंद, खोडभर विखुरलेले असतात. गोल कडे काढून सगळे एकदम तुटत नाहीत. मात्र त्याला खोड जाड करणारा ऊतककर नसतो, म्हणून त्याची खाच कधी भरूनही येत नाही. रचना बदलली की इजाही बदलली.

माझी तक्रार

आता तक्रार सांगतो. आपण वनस्पतींच्या ऊती शिकतो त्या कशा? ‘आकृती काढून भागांना नावे द्या’ अशा. आडव्या छेदाचे एक वर्तुळ, त्यात ठिपके, ठिपक्यांना बाण. वर्तुळ कंपासने, बाण पट्टीने. मुले ती आकृती इतकी सुबक काढतात, की परीक्षकाला गुण द्यावेच लागतात. पण त्यातल्या कितीतरी मुलांना वाटते, की खोडात खरोखरच ठिपके असतात. तो ठिपका म्हणजे मुळापासून पानापर्यंत गेलेल्या नळ्यांच्या जुडग्याचा एक काप आहे, हे त्यांना कोणी दाखवलेले नसते.

ज्याला रसवाहिनीची व्याख्या येते आणि तरीही जो झाडाला तार गुंडाळतो, त्याला रसवाहिनी कळलेली नाही. असे माझे स्पष्ट मत आहे. हे मी स्वतःला पहिल्यांदा लावतो, मग इतरांना.

याचा अर्थ नावे नकोत असा मुळीच नाही. मामांना गुटी ठाऊक होती, पण ती का लागते हे त्यांना सांगता येत नव्हते. मला कारण सांगता येत होते, पण झाड दिसत नव्हते. दोघे एकत्र आलो तेव्हा त्या मुलीला उत्तर मिळाले. नाव आणि वस्तू यांची अशी गाठ शाळेत पडली पाहिजे.

शिक्षक बंधुभगिनींची अडचण मला माहीत आहे. “वर्गात साठ मुले, सूक्ष्मदर्शक एक, तोही कपाटात. अभ्यासक्रम केव्हा संपवायचा?” पेशी पाहायला सूक्ष्मदर्शक हवाच, हे खरे. पण वाटा पाहायला तो लागत नाही. तीन गोष्टी सांगतो. तिन्ही मिळून दोन तासांच्या आहेत.

पहिली : पावसाळ्यात तेरड्याचे रोप कुंपणाकडेला उगवते. त्याचे खोड जवळजवळ पारदर्शक असते. एक फांदी तोडून लाल शाईच्या पाण्यात दोनतीन तास उजेडात ठेवा. खोडातून लाल रेघा वर चढताना दिसतील. आता शिक्षकांकडून तिचे दोन काप करून घ्या, एक आडवा, एक उभा. आडव्यात लाल ठिपके, उभ्यात लाल रेघा. ठिपका म्हणजेच रेघ, हे आयुष्यात पुन्हा विसरणार नाही.

दुसरी : उसाचे कांडे चावा. चोथ्यात जे धागे राहतात, ते वाहक वृंद. कांडे आडवे कापले तर तेच विखुरलेल्या ठिपक्यांसारखे दिसतात. माडाचा सोयरा शोभतो की नाही?

तिसरी घरची : हलव्यासाठी गाजर किसताना मधला फिकट दांडा बऱ्याच घरी टाकून देतात. तो दांडा जलवाहिन्यांचा. बाहेरचा रंगदार भाग रसवाहिन्यांच्या बाजूचा. दोन्ही चाखून पाहा. गोड कोणता लागतो, आणि का, ते आईला समजावून सांगा.

मात्र एक बजावतो. जिवंत झाडाची साल काढून प्रयोग करू नका. छाटणीत पडलेली फांदी घ्या. तिची साल ओढली, की आत ओलसर, गुळगुळीत लाकूड लागेल. बोट फिरवा. ज्या थरावर सगळे झाड वाढले, तो तिथेच फाटला आहे.

बाहेर काय पाहायचे?

मग वहीचे एक पान घेऊन बाहेर पडा. खिळा दिसला तर त्याची जमिनीपासूनची उंची मोजून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. ती तेवढीच असेल. कारण खोड उंच होते ते शेंड्याकडून, मधून नव्हे. प्रत्येक खिळा त्या जिवंत अस्तराला भोक पाडून गेलेला असतो आणि बुरशीला दार उघडून देतो, हेही लिहून ठेवा.

बुंध्याशी सिमेंट भिडले आहे का पाहा. पाणी शोषणारी कोवळी मुळे बहुतेक वरच्या थरातल्या मातीत, हातदीड हाताच्या आत पसरलेली असतात. त्यांना पाणी हवे तशी हवाही हवी, कारण जिवंत पेशी श्वसन करतात. फरशी घालून आपण दोन्ही बंद करतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. महाराष्ट्रातही शहरी भागातील झाडांच्या रक्षणासाठी १९७५ सालापासून कायदा आहे. पण कुऱ्हाड दिसते तशी तार दिसत नाही. कायद्याचे डोळे तिथे पोहोचायचे, तर आधी तुमचे पोहोचले पाहिजेत.

आणि सर्वांत आधी लोखंडी जाळ्या पाहा. दर जुलैत आपण झाडे लावतो. वनमहोत्सव १९५० सालापासून चालू आहे. रोपाला गुरांपासून वाचवायला जाळी लावतो, ते योग्यच. पण झाड मोठे झाल्यावर जाळी काढायचे कोणी ठरवलेलेच नसते. वाचवायला लावलेली जाळीच मग गळफास होते.

आमच्या कडुनिंबाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. आम्ही तार तोडली. रुतलेला भाग ओढला असता तर उरलीसुरली सालही गेली असती, म्हणून तो तसाच ठेवला. त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात शेंडा वाळला. तिसऱ्या उन्हाळ्यात रीतसर परवानगी घेऊन झाड उतरवावे लागले. त्या जागी त्याच मुलांनी नवे रोप लावले, जाळीही लावली. आणि त्या मुलीने शाळेच्या व्हरांड्यातल्या भिंतीवर ऑइलपेंटने मोठ्या अक्षरांत लिहिले : ‘जाळी काढण्याचे वर्ष’, आणि पुढे पाच वर्षांनंतरचा आकडा.

त्या वर्षी जाळी निघाली. मीच काढली.

तुमच्या शाळेच्या भिंतीवर कोणते वर्ष लिहायचे, ते उद्या झाडापाशी जाऊन ठरवा.